नाही न म्हणणारा पिचर

नमस्कार. मागे आवाज येतोय ना? बरं.

मागच्या वेळी गप्पांमध्ये एका काकांनी विचारलं होतं की तुम्ही जपानी शिकता शिकवता ते ठीक आहे, पण ही कॉमिक्स काय वाचत बसता, ती तर पोरांची. तेव्हा मी हसून वेळ मारून नेली होती. घरी गेल्यावर वाटलं, याला नीट उत्तर द्यायला पाहिजे होतं. म्हणून आज फक्त बेसबॉलवरच्या एका मांगाबद्दल, म्हणजे जपानी कॉमिकबद्दल, बोलणार आहे. नाव आहे 'ओओकिकु फुरिकाबुत्ते', जपानी पोरं थोडक्यात 'ओओफुरी' म्हणतात. पिचर बॉल टाकायच्या आधी दोन्ही हात डोक्याच्या वर नेतो ना, ती जी मोठ्ठी अॅक्शन, त्याचं वर्णन म्हणजे हे नाव. लेखिका हिगुची आसा. हो, बाई आहेत, बऱ्याच जणांना हे उशिरा कळतं, मलाही उशिराच कळलं. 2003 मध्ये कोदान्शा या प्रकाशनाच्या 'आफ्टरनून' मासिकात सुरू झालं, आणि ते मासिक मोठ्या माणसांसाठीचं आहे काका, पोरांसाठीचं नाही. 2006 ला तेझुका ओसामू यांच्या नावाच्या पुरस्कारांपैकी नवोदितांचा मिळाला, 2007 ला कोदान्शाचा, त्याच वर्षी टीव्हीवर अॅनिमे, म्हणजे कार्टून मालिका, आलं. एवढी माहिती बास, आता गोष्टीकडे.

आपल्याकडे बेसबॉल कुणी बघत नाही, तर क्रिकेटवरून सांगते. पिचर म्हणजे बॉलर, आणि 18.44 मीटरवरच्या बॅटरच्या मागे उकिडवा बसलेला तो कॅचर, म्हणजे आपला किपर. पण आपला किपर मागून ओरडतो, "शाब्बास, शाब्बास, तिथेच टाक", आणि बॉलरला जे टाकायचं ते तो टाकतो. इथे उलटं आहे. कॅचर दर बॉलला मांड्यांच्या मधे हात लपवून बोटांनी खूण करतो, की आता कर्व्ह, आता सरळ, आत टाक, बाहेर टाक. पिचरने मान डोलावली तर तो बॉल, आणि नको असेल तर नाही म्हणून मान हलवायची, मग कॅचर दुसरी खूण देतो. म्हणजे सगळ्या मैदानासमोर, हजारो लोकांसमोर, दोन माणसांचं एक गुपचूप बोलणं चालू असतं, तेही दर बॉलला. ही अख्खी मालिका त्या बोलण्याबद्दल आहे असं माझं मत आहे. होमरनबिमरन ठीक आहे, ते येतात अधनंमधनं.

तर गोष्टीतली शाळा आहे निशिउरा, साईतामामधली, म्हणजे टोकियोच्या शेजारचा प्रांत. लेखिका स्वतः तिथल्याच उरावा निशी हायस्कूलची, तीच शाळा तिने नाव उलटंपालटं करून घेतलीये. या शाळेत आत्तापर्यंत रबरी बॉलचा बेसबॉल होता, या वर्षीपासून कडक बॉलचा क्लब सुरू होतोय. आपल्याकडे टेनिस बॉल आणि सीझन बॉल असतो ना, तोच फरक, गल्लीत टेनिस बॉलवर हिरो असलेला पोरगा सीझन बॉल समोर आला की कसा मागे सरकतो ते तुम्ही पाहिलंय. क्लब नवा असल्यामुळे सीनियर कोणीच नाही, सगळी अकरावीच्या वयाच्या आसपासची पोरं, आणि मोजून दहा. नऊ खेळणार, एक बाहेर. जपानी शाळेच्या क्लबात सीनियर नाही हे किती मोठं सुख आहे ते तिथे राहून आलेल्याला विचारा.

त्या दहातला पिचर म्हणजे मिहाशी रेन. आता स्पोर्ट्सच्या गोष्टीतला हिरो म्हणजे कसा, छाती पुढे, "मी जिंकणारच". हा रडतो. कोणी जोरात बोललं तरी रडतो, वाक्य पूर्ण करत नाही, "मी... ते... म्हणजे..." एवढंच, डोळे इकडेतिकडे, पक्ष्याच्या पिल्लासारखं तोंड उघडंच. पहिले दोन भाग वाचताना मला खरं सांगू तर त्याचा राग आला होता, म्हणलं याला कोणीतरी दोन ठेवून द्या. पण मग मागची गोष्ट कळते. आधीच्या शाळेत, मिहोशीमध्ये, याच्या आजोबांची शाळा, म्हणून तीन वर्षं पिचर हाच. बाकीच्या पोरांना वाटायचं की वशिल्याने चिकटलाय, यालाही तेच वाटायचं, तरी पण याने ती जागा सोडली नाही कारण बॉल टाकायला आवडतो, बास. टीम दर वेळी हरायची आणि तिथला कॅचर हाताके, तो याला खुणाच द्यायचा नाही. तीन वर्षं! समोर माणूस बसलाय पण बोलत नाही. घरात असा अबोला आठ दिवस टिकला तर आपल्याला जेवण जात नाही.

मिहाशीचा बॉल स्लो आहे, जेमतेम शंभरच्या आसपास. पण एकटा पडलेला हा पोरगा काय करत बसला, तर नेम. स्ट्राइक झोनचे, म्हणजे बॅटरच्या समोरच्या त्या अदृश्य चौकटीचे, नऊ खण पाडायचे आणि सांगाल त्या खणात बॉल. कॅचर आबे ताकाया पहिल्याच दिवशी हे बघतो आणि त्याच्या अंगावर काटा येतो. आबे हुशार, गणिती डोक्याचा, फटकळ. याला लगेच कळतं की हा स्पीड नसलेला रडका मुलगा म्हणजे लॉटरी आहे, कारण सांगेन तिथे टाकेल असा पिचर मिळाला तर मी बॅटरच्या डोक्याशी खेळीन. तो मिहाशीला सांगतो, माझ्या खुणेला नाही म्हणू नकोस, मी तुला खरा एस, म्हणजे टीमचा पहिल्या नंबरचा पिचर, करून दाखवतो. मिहाशी तर काय, कोणी खूण देतोय हेच त्याच्यासाठी दिवाळी.

इथे थांबा जरा. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हे फार गोड वाटलं होतं, जोडी जमली वगैरे. दुसऱ्यांदा वाचताना खटकलं. एक जण म्हणतोय नाही म्हणू नकोस, आणि दुसरा म्हणतोय बरं. याला विश्वास म्हणायचं? लेखिकेने हा खडा इतक्या सुरुवातीला टाकून ठेवलाय आणि पुढे कित्येक व्हॉल्यूम त्याच्याबद्दल काही बोलत नाही.

आबे असा का वागतो त्यालाही कारण आहे. आधीच्या क्लबात त्याचा पिचर होता हारुना, डावखुरा, स्पीड भयंकर, नेम शून्य, आबेच्या अंगभर काळेनिळे डाग. आणि हा हारुना 80 बॉल झाले की मैदानातून चालता व्हायचा, मॅच कुठल्याही अवस्थेत असो. आबेच्या मते स्वार्थी माणूस. नंतर कळतं की हारुनाचा गुडघा आधी दुखावलेला, तेव्हाच्या कोचने याला वाऱ्यावर सोडलेलं, म्हणून हा स्वतःचं शरीर स्वतःच सांभाळतोय. आता हे बघा, ही गोष्ट 2003 ची. 2018 च्या उन्हाळ्यात अकिताच्या एका शेतकी शाळेचा, कानाआशी नोग्योचा, पिचर योशिदा कोसेई याने प्रांतापासनं धरलं नाही, नुसत्या कोशिएनमध्ये, म्हणजे शाळांच्या देशपातळीवरच्या स्पर्धेत, 881 बॉल टाकले, फायनलला गेले, अख्खा देश वेडा झाला, आणि मग चर्चा सुरू झाली की पोराच्या हाताचं काय. 2020 पासून नियम आला, एका पिचरने आठवड्यात 500 च्या वर बॉल टाकायचे नाहीत. म्हणजे हारुना मांगामध्ये जे करत होता आणि वाचक त्याला शिव्या घालत होते, त्या दिशेने अख्खी फेडरेशन सतरा वर्षांनी गेली.

कोशिएन म्हणजे काय ते राहिलंच. ह्योगो प्रांतात निशिनोमियाला स्टेडियम आहे, 1924 साली बांधलेलं, आणि हायस्कूलची उन्हाळी स्पर्धा तिथे होते. स्पर्धा त्याहून जुनी, 1915 ची. देशभरातनं साडेतीन हजारांच्या आसपास शाळा उतरतात, प्रांतातली स्पर्धा जिंकली तरच पुढे, शेवटी 49 शाळा कोशिएनला. सगळं नॉकआउट, लीगबीग काही नाही. एक मॅच हरली की उन्हाळा संपला, आणि तिसऱ्या वर्षाची पोरं त्या दिवशी रिटायर. सतरा अठरा वर्षांची पोरं 'रिटायर' हा शब्द वापरतात, मला पहिल्यांदा ऐकून हसू आलं होतं, मग नाही आलं. हिशोब करा, साडेतीन हजारात एक सोडून सगळ्यांचा शेवट हरूनच होतो.

आणि म्हणून निशिउराची पहिली मॅच मला सगळ्यात आवडते. ड्रॉमध्ये समोर येतात तोसेई, गेल्या वर्षीचे साईतामा चॅम्पियन. पाऊस पडतोय, मैदानात चिखल. ही एक मॅच कित्येक व्हॉल्यूम चालते, एकेका बॉलला दोन दोन पानं, बॅटर काय विचार करतोय, आबे काय विचार करतोय, पॅव्हेलियनमध्ये मिहाशीची आई काही कळत नसताना टाळ्या वाजवतीये. मिहाशीचा तो स्लो सरळ बॉल बॅटरच्या अंदाजापेक्षा जरासा वर येतो, बॅट बॉलच्या खालनं जाते आणि सोपा कॅच उडतो, हे तोसेईवाल्यांना आधी कळतच नाही, मग हळूहळू कळतं, आणि मग आबेची फाटते. 5-4 ने निशिउरा जिंकते. मी इथे सांगून टाकलं, सॉरी, पण मलाही आधीच कळलं होतं, कारण माझ्या हातात आलेला पहिला व्हॉल्यूम मी आपल्या सवयीने डावीकडून उघडला आणि थेट शेवटचं पान वाचलं!

पण जिंकल्यावर लेखिका कॅमेरा कुठे नेते? हरलेल्या टीमकडे. तोसेईचा तिसऱ्या वर्षाचा कॅचर कावाई, आणि त्याचा एक वर्षाने लहान पिचर ताकासे. ताकासेला वाटतंय माझ्यामुळे सीनियरचा शेवटचा उन्हाळा गेला. तिथे कोणी व्हिलन नाहीये हो. आपण तीन चार व्हॉल्यूम ज्यांना शत्रू म्हणून वाचत होतो त्यांच्यासाठी आपल्याला गलबलून येतं. असं करायला धाडस लागतं, कारण वाचकाला पेढे वाटायचे असतात आणि ही त्याला सुतकात नेऊन बसवते.

कोचबद्दल पण सांगते, कारण तिच्यामुळेच मी जास्त करून अडकले. मोमोए मारिया, तेविशीची बाई, पोरं तिला मोमोकान म्हणतात. पहिल्याच दिवशी हानाई नावाचा उंचापुरा मुलगा म्हणतो, कोच बाई असेल तर मी नाही येत. ती वाद घालत नाही. एक मोठं आंबटगोड संत्रं घेते, नुसत्या हाताच्या मुठीने पिळते आणि ज्यूसचा ग्लास त्याच्यासमोर धरते. हानाई गप, पुढे तोच कॅप्टन. हे हसण्यासारखं आहे, पण मागची परिस्थिती बघा, कोशिएनमध्ये मॅनेजर म्हणून, म्हणजे टीमची बारीकसारीक कामं करणाऱ्या, मुलींना नुसतं बेंचवर बसायला 1996 साल उजाडावं लागलं, आणि 2016 मध्येसुद्धा प्रॅक्टिसला मदत करायला मैदानात उतरलेल्या एका मुलीला बाहेर काढलं होतं.

आणि गणिताचे शिगा सर. हिगुचीबाई स्वतः कॉलेजात स्पोर्ट्स सायकॉलॉजी शिकलेल्या, ते सगळं या सरांच्या तोंडून येतं. घाबरलं की हात गार पडतात, रिलॅक्स असलं की ऊबदार, म्हणून पोरांना गोल बसवून एकमेकांचे हात धरायला लावायचे. पंधरा सोळा वर्षांचे मुलगे, लाजून मेलेले. जेवायच्या आधी भाताकडे नीट बघायचं आणि सगळ्यांनी एका सुरात ओरडायचं, "उमासोऽऽ!", म्हणजे कसलं भारी दिसतंय. मग जेवायचं. मी घरी वरणभातासमोर एकदा करून पाहिलं, आईने विचारलं बरी आहेस ना.

तर हात. मिहाशीचे हात कायम गार. आबे मॅचच्या आधी त्याचा हात हातात घेऊन बघतो, गार असला की त्याला कळतं. आणि तोसेईच्या मॅचच्या वेळी आबे त्याला वचन देतो, मी तीन वर्षं आजारी पडणार नाही, मला दुखापत होणार नाही, तुझा प्रत्येक बॉल मीच पकडणार. आता असलं वचन कोणी देतं का? शरीर आहे ते, मशीन थोडीच. पण मिहाशीने ते पदरात गाठ मारून ठेवलं.

आणि त्याच उन्हाळ्यात, बिजोदाई सायामाच्या मॅचला, होमप्लेटवर, म्हणजे बॅटरजवळच्या त्या पाटीवर जिथे रन पूर्ण होते, धडक होते आणि आबेचा गुडघा जातो. आबे उठत नाही. कॅचरचं पॅड ताजिमा चढवतो, टीममधला बेस्ट बॅटर, हौशी, पण कॅचर म्हणून नवखा. आणि मिहाशीच्या लक्षात येतं की आजवर आपण एकही बॉल स्वतः विचार करून टाकलेला नाही. कुठल्या बॅटरला काय टाकायचं हे सगळं आबेच्या डोक्यात होतं, आपल्या हातात फक्त नेम होता. तो जो सुरुवातीचा खडा म्हणलं ना मी, तो इथे दाताखाली येतो. मॅच ते हरतात. पण त्या शेवटच्या इनिंग्जमध्ये हा रडका मुलगा पहिल्यांदा दुसऱ्याकडे बघून, अडखळत का होईना, बोलतो. ताजिमाला सांगतो.

हरल्यानंतर आबे, गुडघ्याला पट्टी, मिहाशीची माफी मागतो. वचन मोडलं म्हणून तर मागतोच, पण त्या नियमाबद्दल पण मागतो, नाही म्हणू नकोसवाल्या. आणि आबे हा माफी मागणारा माणूस नाही, त्याच्या तोंडातनं ते शब्द बाहेर येताना कसे अडतात ते बघायला पाहिजे, या वेळी अडखळतोय तो आबे, मिहाशी नाही.

काका, तुम्ही आलायत ना आज? हां. तो व्हॉल्यूम मी आणलाय, इथे टेबलावर ठेवते. जपानी येत नसलं तरी चित्रं बघा, हातांची चित्रं बघा खास करून. फक्त उजवीकडून उघडा, आणि जरा जपून, शिवण सुटलीये त्याची.