यीचांगमधलं बिऱ्हाड

(दृश्य : पहाट. नदीवर धुकं. धरणाच्या हौदात शिरणारी मालवाहू बोट.)

यांगत्से इथवर दरीतून येते आणि यीचांगला पोचली की ऐसपैस पसरते. त्या तोंडावरच १९७० साली गझौबा धरणाचं काम सुरू झालं. हे धरण शहरातच आहे. हौदाचे दरवाजे बंद होतात, पाणी भरत जातं, बोट हळूहळू वर येते. काठावर कसरत करणारी म्हातारी माणसं तिच्याकडे मान वळवूनसुद्धा बघत नाहीत.

हुबेई प्रांतातलं हे शहर. आसपासचे तालुके धरून वस्ती ४० लाखांच्या घरात, तरी चीनच्या मानाने मधल्या फळीतलंच. परदेशी माणूस इथे क्वचित दिसतो. त्यामुळे कायदा बीजिंगचाच असला, तरी तो नवख्या हातांनी राबवला जातो.

(दृश्य : पोलीस चौकीची खिडकी. काचेखालून सरकणारे कागद.)

घराची किल्ली हातात पडली की गॅस, पाणी, इंटरनेट सगळं नंतर. आधी चौकीत राहत्या जागेची नोंद, तीही २४ तासांच्या आत. हॉटेलात उतरलात तर नोंद हॉटेलवाले करतात. भाड्याच्या घरात ती आपल्याला करावी लागते. पासपोर्ट, व्हिसाचं पान, देशात शिरल्याच्या शिक्क्याचं पान, भाडेकरार, घरमालकाच्या ओळखपत्राची प्रत आणि घराच्या मालकीपत्राची प्रत. घरमालकालाच सोबत नेलं तर निम्मं काम सोपं होतं.

अडतं कुठे? पत्त्यात. इथला पत्ता इमारत, जिना आणि खोली असा तीन आकड्यांचा असतो. ३ नंबरची इमारत, २ नंबरचा जिना, १४०२. करारात जिन्याचा आकडा राहिला, की संगणकात खोली सापडत नाही आणि करार पुन्हा लिहावा लागतो. चौकीही आपल्या इमारतीचीच लागते, रस्त्यापलीकडची चालत नाही. शेवटी हातात येतो तो लाल शिक्क्याचा एक साधा कागद. तो जपून ठेवायचा, पुढची प्रत्येक खिडकी तोच मागते. नोंद चुकली तर दंड २,००० युआनपर्यंत.

लांबच्या मुक्कामाचा व्हिसा असेल, तर आल्यापासून ३० दिवसांत निवास परवान्याचा अर्ज. त्या काळात पासपोर्ट पोलिसांकडे राहतो, १५ दिवसांपर्यंत. बदल्यात फोटो लावलेली पावती मिळते. तोवर ओळख म्हणून तीच दाखवायची.

(दृश्य : पासपोर्टचं पान, अगदी जवळून. तळाच्या दोन ओळी.)

आता खरी मेख. चिनी नाव बहुधा दोन-तीन अक्षरांचं, आणि ओळख क्रमांक १८ आकडी. सगळ्या यंत्रणा त्याच मापाने शिवलेल्या. आपला पासपोर्ट क्रमांक म्हणजे एक अक्षर आणि सात आकडे, आणि नाव मराठी पद्धतीचं : आडनावाच्या रकान्यात पाटील, पुढच्या रकान्यात सुनील रमेश. बँकेतली मुलगी लिहिते ‘पाटील सुनील रमेश’. सिमकार्डाच्या दुकानात ‘सुनील’ आणि ‘रमेश’ जोडले जातात. रेल्वेच्या ॲपमध्ये आडनाव शेवटी जातं. माणसाला हे एकच नाव वाटतं, यंत्राला तीन माणसं दिसतात. मग वीचॅटला, म्हणजे निरोप आणि पैसे पाठवायच्या चिनी ॲपला, बँकखातं जोडताना ‘माहिती जुळत नाही’ एवढंच उत्तर येतं. काय जुळत नाही, ते सांगत नाही.

उपाय सोपा आहे, फक्त पहिल्या दिवसापासून करायला हवा. पासपोर्टच्या तळाच्या दोन ओळींपैकी वरच्या ओळीत नाव ज्या क्रमाने आहे, आधी आडनाव, मग बाकीचं, तोच क्रम सगळीकडे. बँकेत नोंद झाली की पडद्यावरचं नाव रिकाम्या जागांसकट तसंच उतरवून घ्यायचं आणि पुढे प्रत्येक ठिकाणी तेच दाखवायचं. पासपोर्ट नवा झाला की क्रमांक बदलतो आणि बँक, सिम, वीचॅट, रेल्वे ही सगळी फेरी पुन्हा. तेव्हा रद्द झालेला जुना पासपोर्टही सोबत लागतो. तो गावाकडच्या कपाटात राहिला, तर बसा हात चोळत. घरचं भारतीय सिमही रोमिंगवर चालू हवं, आपल्या बँकेचा ओटीपी त्यावरच येतो.

(दृश्य : गल्लीच्या तोंडाशी कढई. अर्धचंद्राकृती लोखंडी पळी.)

हे यीचांगचं मुळ्याचं ‘जाओझ’. जाओझ म्हणजे एरवी सारण भरून उकडलेली करंजी. नावात मोदकासारखी उकड आहे, प्रत्यक्षात तळणीचा मामला. पळीत पातळ पीठ, त्यावर तिखट लावलेला मुळ्याचा कीस, वरून पुन्हा पीठ, आणि पळीसकट तेलात. कडा तांबूस झाल्या की ते आपोआप सुटतं. शेजारच्या गाडीवर ‘ल्यांगश्या’ : तांदळाचं शिजवलेलं पीठ झाऱ्यातून गार पाण्यात पाडायचं, कोळंबीच्या आकाराचे थेंब होतात, वर काळपट साखरेचा पाक. दर तोंडी सांगितला तर चार आणि दहा यांत हमखास गोंधळ. इथल्या बोलीत दोन्ही शब्द ‘स्स’च, फरक फक्त सुराचा. म्हणून गाडीवाली दहा म्हणताना बोटांनीही दाखवते.

(दृश्य : रुग्णालयाचा व्हरांडा. पांढऱ्या कोटातली मुलं.)

वॉर्डातला म्हातारा रुग्णही हीच बोली बोलतो. इथे डॉक्टरकी शिकायला आलेल्या भारतीय मुलांचा वर्ग मात्र इंग्रजीतून. भारतात परतल्यावर डॉक्टरकीच्या परवान्यासाठी द्याव्या लागणाऱ्या परीक्षेत २०१५ ते २०२१ या काळात चीनहून आलेले ४०,४१७ जण बसले, ६,३८७ उत्तीर्ण झाले.

(दृश्य : जानेवारी. खिडकीवर वाफ. खुर्चीखाली लाल तापलेला हीटर.)

सरकारी नळांतून घराघरांत ऊब पोचते ती छिनलिंग डोंगर आणि ह्वाय नदीच्या उत्तरेला. यीचांग त्या रेषेच्या दक्षिणेला, म्हणून घरात बाहेरइतकीच थंडी, वर ओल. विजेचं पांघरूण आणि हा छोटा हीटर. त्याला ‘छोटा सूर्य’ म्हणतात.

(दृश्य : यीचांग पूर्व स्थानक. फाटकांची रांग.)

ओळखपत्र टेकवलं की फाटक उघडतं, माणसं न थांबता आत जातात. पासपोर्टवाल्याने कडेच्या, माणूस उभा असलेल्या फाटकाकडे वळायचं. वेळ हाताशी ठेवून यायचं. फाटकावरची बाई नाव वाचते, पडद्याकडे बघते, पुन्हा नाव वाचते.