समाचाराला कोण आलं

नमस्कार श्रोतेहो.

गेल्या मार्गशीर्षात, दत्तजयंतीच्या तिसऱ्या दिवशी, आमच्या घरातला एक जण गेला. सूतक नव्हतं, दहावं-तेरावं नव्हतं, गुरुजींना फोन करायचा नव्हता. पुण्याला लेकीला कळवलं, ती फोनवर रडली. मग आम्ही दोघं समोरासमोर बसून राहिलो. घरातलं माणूस गेलं की शेजारून पिठलं-भात येतो, कुणी सतरंजी घालतं, कुणी नुसतं येऊन जवळ बसतं. आणि आलेल्याला घरचे सगळं पहिल्यापासून सांगतात. कधीपासून बरं नव्हतं, शेवटचं काय खाल्लं, कोण उशाशी होतं. दहा जण आले तर दहा वेळा सांगतात. मला तसं कुणाला सांगताच आलं नाही. म्हणून आज तुम्हाला सांगते, पहिल्यापासून.

त्याचं नाव टायगर. आमचा कुत्रा, जात ग्रेट डेन. नाव डेन, म्हणजे डेन्मार्कचा, असलं तरी ही जात घडली जर्मनीत, रानडुकराच्या शिकारीसाठी. आमच्या टायगरचं वजन अडुसष्ट किलो होतं. गव्हाळ अंग, तोंड काळं, आणि उभा राहिला की पाठ माझ्या कमरेला लागायची. इंदूरच्या रामबागेतलं आमचं घर जुन्या पद्धतीचं. दारातून आत आलं की लांब अरुंद बोळ, मग अंगण, अंगणात पारिजातक. त्या बोळात टायगरला वळता यायचं नाही. अर्ध्यात जाऊन परतायचं मनात आलं, तर तो तसाच मागे मागे पावलं टाकत यायचा, ट्रक मागे घेतात तसा.

तो आला तेव्हा चार वर्षांचा होता. एका कुटुंबानं हौसेनं पिल्लू घेतलं, चार वर्षं सांभाळलं, मग बदली झाली. कुत्री सांभाळायला ठेवतात अशा एका जागी पंधरा दिवसांसाठी म्हणून त्याला ठेवलं आणि परत कुणी आलंच नाही. पाच महिने गेले, फोन उचलणंही बंद झालं. माझ्या लेकीचा एक वर्गमित्र जनावरांचा डॉक्टर आहे. तो श्रावणातल्या एका संध्याकाळी दारात उभा राहून म्हणाला, “मावशी, आठवडाभर ठेवता का? तिथं तो खात नाहीये.” तो आठवडा पाच वर्षं चार महिने चालला.

मोठ्या जातीचं, वयात आलेलं कुत्रं सहसा कुणी घेत नाही. लोकांना पिल्लू हवं असतं, आणि पिल्लू लहान दिसतं म्हणूनच ते घेतात. जन्मताना पाऊण किलोच्या आसपास असलेला हा जीव वर्षभरात पन्नास किलोच्या पुढे जातो, हे घेताना कुणी सांगत नाही, की ऐकणारा ऐकत नाही. मग फ्लॅट लहान पडतो, खर्च झेपत नाही, बदली होते. ज्यानं सोडलं त्याच्यावर मी पूर्वी फार चिडायची, अजूनही चिडते. आपल्याकडे १९६० चा कायदा आहे, प्राण्यांना क्रूरपणे वागवण्याविरुद्धचा. उपाशी-तहानेलं राहील अशा हालात जनावर विनाकारण सोडून देणं हा त्या कायद्यानं गुन्हा आहे. पण पैसे भरून एखाद्या जागी ठेवलं आणि विसरून गेलं, तर त्याला काय म्हणायचं?

त्याच्याबरोबर एक पट्टा आला आणि लसीकरणाचं कार्ड. कार्डावर नाव, टायगर. यांच्या मनात चांगलं मराठी नाव ठेवायचं होतं. मी म्हटलं, अहो, घर गेलं, माणसं गेली, आता नाव तरी राहू द्या त्याचं. महिन्याभरात त्याचा टायग्या झाला, ती गोष्ट निराळी.

त्याला हिंदी कळायचं, थोडं इंग्रजी कळायचं. आम्ही घरात मराठी बोलणारे. पहिला घोटाळा झाला तो ‘बस’ या शब्दाचा. आमच्याकडे बस म्हणजे खाली बस. हिंदीत बस म्हणजे पुरे. तो आमचं फार लवकर शिकला, आणि मग बाहेरचंही आमच्याच अर्थानं घ्यायला लागला. गल्लीत कुणी गाडी मागे घेताना “बस भैया, बस बस!” असं ओरडलं की टायगर आहे तिथं पटकन खाली बसायचा. भर रस्त्यात, पावसाच्या पाण्यातसुद्धा. एवढं मोठं धूड आणि इतकं आज्ञाधारक. इंदुरात पिढ्यान्‌पिढ्या राहूनही आपण मराठी माणसं अशीच दोन भाषांच्या मध्ये उभी असतो, म्हणून मला त्याचं ते बसणं फार जवळचं वाटायचं.

पहिलं वर्ष तो वाट बघत होता. हे कळायला मला वेळ लागला. रोज संध्याकाळी तो बोळाच्या तोंडाशी उभा राहायचा. सगळ्या गाड्यांना नाही, एकाच जातीच्या डिझेल गाडीच्या आवाजाला कान टवकारायचा. गाडी पुढे गेली की आत यायचा आणि भिंतीकडे तोंड करून पडायचा. त्याला काय सांगणार? दुसऱ्या वर्षी दसऱ्याला घरी सोनं द्यायला माणसं आली होती, मी पेढे वाटत होते. तसलीच गाडी बाहेरून गेली. टायगर पारिजातकाखाली झोपला होता. त्यानं एक कान हलवला आणि झोपून राहिला. मी हातातलं ताट घेऊन स्वयंपाकघरात गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाही.

पहाटे पाचला आम्ही त्याला कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांपर्यंत फिरवायचो. उन्हाळ्यात तर पाचच्या आधी, कारण डांबर तापलं की पंजे भाजतात. आपल्या मालव्याच्या रात्रींचं एवढं कौतुक होतं, त्या रात्रीचं शेवटचं टोक टायगरनं मला दाखवलं. नाहीतर मी कशाला त्या वेळी बाहेर पडले असते? खान नदीच्या काठी होळकरांच्या त्या तीन छत्र्या, कृष्णाबाईंची, तुकोजीराव दुसरे आणि शिवाजीराव यांची. तिथल्या पायरीवर हे बसायचे, टायगर जमिनीवर बसायचा, तरी दोघांची डोकी एका उंचीला यायची.

आणि सात वाजता कचऱ्याची गाडी. इंदूरकरांना हे सांगायला नको. ओला-सुका वेगळा करून आपण सगळे डबे घेऊन उभे असतो आणि गाडी गाणं वाजवत येते. ते गाणं लांबून ऐकू आलं की टायगर अंगणात उभा राहून मान वर करायचा आणि सूर लावायचा. भुंकणं नव्हे. लांब, खोल, पोटातून आलेला सूर. गाडीवरचा मुलगा हातमोजे घातलेला हात वर करून ओरडायचा, “टायगर भिया, आ गए हम!” रोज. सणाच्या दिवशीसुद्धा.

ऑपरेशनचंही सांगते, कारण तुमच्यापैकी कुणाकडे असा मोठा, खोल छातीचा कुत्रा असेल. तिसऱ्या वर्षी चैत्रात रात्री अकराला तो उठून येरझारा घालायला लागला. उलटीसाठी जोर करायचा पण बाहेर काही पडत नव्हतं, नुसता फेस. पोट नगाऱ्यासारखं ताठ. डॉक्टरांना फोन केला तर ते म्हणाले, “सकाळची वाट बघू नका, आत्ताच्या आत्ता निघा.” या कुत्र्यांच्या जठरात हवा भरते आणि जठर पीळ खातं, रक्त अडतं, काही तासांत जीव जातो. ग्रेट डेनला हा धोका सगळ्यात जास्त. अडुसष्ट किलोचा कुत्रा रिक्षात कसा घालणार? गल्लीच्या कोपऱ्यावरचा भाजीवाला भैया पहाटे मंडीत जायचं म्हणून लवकर झोपलेला. त्याला उठवलं. त्यानं एक शब्द न बोलता लोडिंग गाडी काढली, टोपल्या खाली उतरवल्या. मी मागे टायगरचं डोकं मांडीवर घेऊन बसले. डॉक्टरांनी पीळ सोडवला आणि जठर पोटाच्या भिंतीला टाके घालून बांधून टाकलं, पुन्हा फिरू नये म्हणून. तोवर आम्ही त्याचं भांडं स्टुलावर ठेवायचो, उंच कुत्र्याला वाकावं लागू नये म्हणून. डॉक्टरांनी ते खाली ठेवायला लावलं, उंचावर खाल्ल्यानं धोका वाढतो असं दिसलंय म्हणाले. खाणं तीन वेळा, थोडं थोडं, आणि खाल्ल्यावर तासभर पळापळ नाही.

तेव्हा वाचला. पण मोठ्या कुत्र्यांचं आयुष्यच कमी. लहान चणीचं कुत्रं चौदा-पंधरा वर्षं सहज काढतं, ग्रेट डेन सात ते दहा. ते भरभर वाढतात आणि भरभरच म्हातारे होतात. आठव्या वर्षी त्याच्या हृदयाचं दुखणं निघालं. हृदयाचे स्नायू पातळ होऊन ते सैल पडतं, रक्त ढकलण्याचा जोर कमी होतो. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि एक काम दिलं. तो गाढ झोपला की एका मिनिटातले श्वास मोजायचे. तिसाच्या आत असतील तर ठीक.

आमचे हे आयुष्यभर हिशेब खात्यात होते. दुधाच्या हिशेबाची जुनी वही होती, तिच्या मागच्या पानापासून त्यांनी सुरुवात केली. रोज रात्री दहाला हातात घड्याळ घेऊन टायगरच्या शेजारी जमिनीवर बसायचे. सत्तरी ओलांडलेली, गुडघे दुखायचे, तरी जमिनीवरच. २२. २४. २३. पानंच्या पानं नुसते आकडे. श्रावणात २८. गणपतीत ३१, त्यापुढे कंसात ‘पाण्याची गोळी वाढवली’. दिवाळीत पुन्हा २६, आणि त्या दिवशी यांनी मला चहा करून दिला. फटाक्यांना तो फार भ्यायचा, देवघराच्या टेबलाखाली फक्त डोकं मावायचं, तेवढंच घालून उभा राहायचा. त्या दिवाळीला उभं राहवलं नाही, तर हे त्याच्याजवळ आडवे झाले आणि त्याच्या कानांवर हात ठेवले.

शेवटचा आकडा ४४. शेवटचं खाल्लं ते दही-भात, दोन घास, माझ्या हातून. उशाशी आम्ही दोघंही होतो. पहाटे सहाच्या सुमारास गेला. त्रास फार झाला नाही.

सात वाजता गाडी आली. गाणं वाजत होतं आणि आमच्या अंगणातून काही उत्तर गेलं नाही. तो मुलगा बोळात डोकावला. “टायगर?” मग आत आला. त्यानं हातमोजे काढले, खाली बसला, टायगरच्या पंजावर हात ठेवला. बाहेर जाऊन ड्रायव्हरला काहीतरी म्हणाला, आणि गाणं बंद झालं. आमच्याकडे समाचाराला आलेला पहिला माणूस तो.

मग भाजीवाला भैया आला, तीच लोडिंग गाडी घेऊन. सिमरोलच्या बाजूला आमच्या भाच्याचं शेत आहे, तिथं बांधावरच्या कडुनिंबाखाली खोल खड्डा केला. आणि समोरच्या वहिनी आल्या, ज्या पहिली दोन वर्षं टायगर दिसला की रस्ता ओलांडून पलीकडे जायच्या. काही न बोलता माझ्याजवळ बसल्या. मग म्हणाल्या, “रात्री गल्लीत तो आहे म्हणून मला झोप लागायची हो.”

बाकी ज्यांना कळलं त्यांतले बरेच जण म्हणाले, कुत्राच तर होता. कुणी म्हणालं, दुसरा आणा. त्यांना वाईट हेतू नव्हता हे मला कळतं. पण आमच्या सासूबाईंच्या वेळची दत्ताची तसबीर आहे घरात, दत्ताच्या पायाशी चार कुत्रे, त्यांना आपण चार वेद म्हणतो. राजवाड्यात होळकरांच्या कुळस्वामीचं, मल्हारी मार्तंडाचं देऊळ आहे, त्या खंडोबाबरोबर कुत्रा असतोच. कोरडी पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे नामदेव तुपाची वाटी घेऊन धावले, ही गोष्ट आईनं मला भरवताना सांगितली होती. पितृपक्षात आपण गाय, कावळा, देव, मुंग्या यांच्याबरोबर कुत्र्याचाही घास काढतो. आपल्या गेलेल्या माणसांसाठी कुत्र्याला जेवू घालतो. मग तोच गेला, तर त्याच्यासाठी दोन मिनिटं बसायला आपल्याकडे जागा का नसावी? येत्या पितृपक्षात मी एक पान त्याच्या नावानं मांडणार आहे. शास्त्रात आहे की नाही, ते मी कुणाला विचारणार नाही.

एक सांगायचं राहिलं. त्या दिवसानंतर कचऱ्याची गाडी आमच्या गल्लीत वळली की गाणं बंद व्हायचं. कुणी सांगितलं नव्हतं. वळणावर बंद, आमचं दार ओलांडलं की पुन्हा सुरू. माणसं डबे घेऊन चुपचाप उभी असायची. किती दिवस असं चाललं ते मी मोजलं नाही, आणि ही एकच गोष्ट यांनीही मोजली नाही. मग एके दिवशी सकाळी हे डबा घेऊन बाहेर गेले आणि त्या मुलाला म्हणाले, “भैया, गाना चला लो अब.”

त्यानं यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. गाणं लागलं. गाडी कोपऱ्यावर वळेपर्यंत आम्ही दोघं दारातच उभे होतो.