भटक्या

कान कोरताना काही जणांना अचानक ठसका लागतो. काडी कानात आणि खोकला घशात! कानाच्या नळीतल्या कातडीला व्हेगस या मज्जातंतूची एक बारीक फांदी येते. घशाचे निरोपही याच वाटेने मेंदूकडे जातात. त्यामुळे मेंदूची गफलत होते.

व्हेगस म्हणजे लॅटिनमध्ये भटक्या. थेट मेंदूशी जोडलेल्या मज्जातंतूंच्या १२ जोड्या. त्यातली ही दहावी. इतरांचा कारभार बहुतेक डोक्या-मानेतच आटोपतो. याच्या पायाला मात्र भिंगरी. मानेतून छातीत, हृदय आणि फुप्फुसांना फांद्या देत, श्वासपटल ओलांडून जठरात, तिथून पार मोठ्या आतड्यापर्यंत.

आता मनगटावर बोट ठेवा. निवांत बसलेल्या माणसाची नाडी मिनिटाला साधारण ७० पडते. हृदयाला त्याच्या मर्जीवर सोडलं, तर ते १०० च्या आसपास धावेल. त्याला लगाम घालतो तो व्हेगस. श्वास घेताना लगाम किंचित सैल होतो, सोडताना पुन्हा आवळतो.

पण हा लगाम ओढला जातो कसा? विजेने की रसायनाने? शास्त्रज्ञ ऑटो लोवी यांना यावरचा प्रयोग झोपेत सुचला. रात्री उठून टिपण केलं, पण सकाळी स्वतःचंच अक्षर लागेना. पुढच्या रात्री तेच पुन्हा सुचलं. या वेळी ते तडक प्रयोगशाळेत गेले.

बेडकांची दोन हृदयं. एकाला व्हेगस जोडलेला, दुसऱ्याचा काढून टाकलेला. पहिल्याच्या व्हेगसला विजेने चेतवलं; ठोके मंदावले. त्या हृदयातलं द्रव दुसऱ्यात सोडलं. तेही मंदावलं! निरोप द्रवातून गेला होता. १९२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कामासाठी लोवींना १९३६ मध्ये हेन्री डेल यांच्यासोबत नोबेल मिळालं. ते रसायन म्हणजे अ‍ॅसिटिलकोलीन.

गंमत अशी, की हुकूम पोचवणं हे व्हेगसचं मुख्य काम नव्हेच. त्यातले जवळपास ८० टक्के तंतू खालची खबर वर नेतात: जठर किती ताणलंय, रक्तदाब किती आहे. इतक्या गुंतागुंतीच्या व्हेगसला एका चुटकीत ‘रीसेट’ करून देतो, असा दावा कुणी केला तर त्याच्याकडे मात्र जरा सावधपणेच पाहावं.

कधी लगाम नको तितका ओढला जातो. रक्त पाहून भोवळ येते ती अशीच: ठोके मंदावतात, रक्तवाहिन्या सैलावतात, मेंदूला रक्त कमी पडतं. अशा माणसाला उठवून बसवायची घाई करू नका. आडवंच राहू द्या, पाय थोडे वर उचला.