बॅग गेली तर गेली, पण सगळं एकदम जाऊ देऊ नका

नमस्कार मंडळी. परदेश प्रवासात स्वतःला आणि सामानाला कसं सांभाळायचं यावर बोला असं मला सांगितलंय, तर मी क्रम आधीच सांगून टाकते. आधी माणूस, मग पासपोर्ट, मग फोन आणि पैसे, मग औषधं, आणि बॅग सगळ्यात शेवटी. मी बरीच वर्षं ग्रुप घेऊन फिरते आणि दरवेळी नेमकं उलटं बघते. मोठ्या बॅगेला दोन दोन कुलपं, वरून प्लास्टिक गुंडाळलेलं, आणि पासपोर्ट, दोन्ही कार्डं, सगळी कॅश आणि हॉटेलचा पत्ता हे सगळं एका छोट्या पर्समध्ये, आणि ती पर्स खुर्चीच्या पाठीला लटकवलेली! बॅग हरवली तर दोन दिवस कपड्यांचे हाल होतात, ती पर्स गेली तर परक्या शहरात रात्री कुठे झोपायचं इथपासून प्रश्न सुरू होतो.

चोरी शंभर टक्के टाळता येईल असं मी कुणालाच सांगत नाही, पण एका चोरीत सगळं जाणं मात्र नक्की टाळता येतं. म्हणून वाटणी करा. एक कार्ड अंगावर, दुसरं वेगळ्या बॅंकेचं असेल तर उत्तम, ते हॉटेलमधल्या सामानात. नवराबायको असाल तर दोघांनी आपापला पासपोर्ट आपापल्याकडे ठेवा, एकाने दोघांचे सांभाळायचे ही जी प्रेमळ पद्धत आहे ना ती बंद करा. कॅशचे तीन भाग करा आणि दिवसभराच्या खर्चाचे पैसे पुढच्या खिशात वेगळे, म्हणजे पाण्याची बाटली घेताना पोटाशी बांधलेला पाऊच लोकांसमोर उघडायची वेळ येत नाही. पाऊच आहे हे कुणाला कळलं की त्याचा उपयोग संपला.

आणि एक कागद करा. खराखुरा कागद, पेनाने लिहिलेला. पासपोर्ट नंबर, विमा पॉलिसीचा नंबर आणि त्यांचा मदतीचा फोन, बॅंकेचा परदेशातून लागणारा नंबर, त्या शहरातल्या आपल्या वकिलातीचा पत्ता, आणि घरच्या एका माणसाचा नंबर. लोक म्हणतात अहो सगळं फोनमध्ये आहे. फोनच गेला तर? आज आपल्याला घरच्यांचे नंबर पाठ नसतात, मी हे ग्रुपमध्ये विचारते तेव्हा निम्मे लोक एकमेकांकडे बघतात. त्या कागदाच्या दोन प्रती, सोबत पासपोर्टची झेरॉक्स आणि दोन फोटो, म्हणजे पासपोर्ट हरवला तर वकिलातीत तात्पुरती कागदपत्रं काढताना धावपळ कमी होते.

फोनबद्दल जरा जास्त बोलते, कारण आता चोराला पाकिटापेक्षा फोन हवा असतो, आणि तोही अनलॉक असलेला. लंडनमध्ये ई-बाइकवरून येऊन हातातला फोन उडवून नेणं हा तिथल्या पोलिसांची डोकेदुखी झालेला प्रकार आहे. तुम्ही फुटपाथच्या कडेला उभं राहून नकाशा बघत असता, फोन उघडा, ॲप उघडी, मागून गाडी येते आणि सेकंदात काम होतं. तेव्हा नकाशा बघायचा असेल तर दुकानाच्या भिंतीला पाठ लावून उभं राहा, रस्त्याकडे तोंड करून. निघायच्या आधी घरीच सेटिंगमध्ये जा. आयफोनमध्ये २०२४ पासून चोरीपासून संरक्षणाची वेगळी सोय आहे, अँड्रॉइडमध्येही फोन हिसकावला गेला तर आपोआप लॉक होण्याची सोय आली आहे, ती चालू करून घ्या. सिमला पिन लावा. नाहीतर चोर सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घालतो आणि बॅंकेचे ओटीपी त्याच्याकडे जायला लागतात. स्टार हॅश शून्य सहा हॅश डायल केलं की आयएमईआय नंबर, म्हणजे फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक, दिसतो, तो त्याच कागदावर लिहा, पोलिस तक्रारीत लागतो.

आता खिसेकापू. आपल्या डोक्यात एकटा, घाबरलेला, मळक्या कपड्यातला माणूस असतो. तसं नसतं हो. ते टोळीने येतात, चांगले कपडे, हातात शॉपिंगची पिशवी, कधी कडेवर मूल. मेट्रोच्या दारात बघा काय होतं. गाडी आली, तुम्ही चढताय, पुढचा माणूस चढता चढता अचानक थांबतो, काहीतरी पडलं म्हणून वाकतो. तुम्ही त्याच्यावर आपटता, मागचा तुमच्यावर आपटतो, तुम्ही सॉरी म्हणता. त्या दोन सेकंदात मागच्याचा हात खिशात जाऊन आलेला असतो, त्याच्या हातावर जॅकेट टाकलेलं असतं म्हणून तो हात दिसतच नाही, आणि पाकीट तिसऱ्याकडे गेलेलं असतं जो गाडीत चढतच नाही. दार बंद होतं, गाडी निघते, तुम्हाला कळतं तेव्हा पाकीट मागच्या स्टेशनात. तुम्ही समजा पहिल्या दोघांपैकी एकाला पकडलंत तरी त्याच्याकडे काही सापडत नाही. यावर उपाय साधा आहे, दारापाशी गर्दी दिसली तर ती गाडी सोडा, पुढची तीनचार मिनिटांत येते. आणि सॅक पाठीवरून पोटावर घ्या. विचित्र दिसतं, दिसू दे.

याच घराण्यातले बाकीचे प्रकार पटापट सांगते. अंगावर सॉस किंवा घाण उडते आणि कुणीतरी फार आपुलकीने टिश्यू घेऊन पुसायला येतं, तिथे थांबायचं नाही, पुढे चालत राहायचं, डाग नंतर पुसता येतो. सही करा म्हणून कागद पुढे करतात, त्या कागदाखाली दुसरा हात काम करत असतो. साध्या कपड्यातले दोघं येऊन आम्ही पोलिस, खोट्या नोटा तपासतोय, पाकीट दाखवा म्हणतात. खरे पोलिस ओळखपत्र मागू शकतात, पण रस्त्यात तुमच्या नोटा हातात घेऊन मोजत बसत नाहीत. शांतपणे म्हणायचं, चला, पोलिस स्टेशनला जाऊन दाखवतो.

पण कुणी हिसकावलंच, किंवा चाकू दाखवला, तर सोडून द्या. हे मी अगदी कळकळीने सांगते. बॅगेचा पट्टा हाताला गुंडाळून धरलेला असतो, मोटरसायकलवाला ओढतो आणि माणूस फरफटत जातो, खांदा निखळतो, डोकं आपटतं. काय असतं हो त्या पर्समध्ये? वाटणी आधीच केलेली असेल तर सोडायला मन तयार होतं, म्हणून तर मी वाटणीपासून सुरुवात केली.

विमानात पण हेच. २ जानेवारी २०२४ ला टोकियोच्या हानेदा विमानतळावर जपान एअरलाइन्सचं विमान उतरताना तटरक्षक दलाच्या छोट्या विमानाला धडकलं आणि पेटलं. त्या छोट्या विमानातल्या सहापैकी पाच जणांचा जीव गेला. पण मोठ्या विमानातली सगळीच्या सगळी ३७९ माणसं बाहेर आली, धूर भरलेल्या केबिनमधून, मोजकीच दारं वापरता येत असताना, आणि सामान वरच सोडून. केबिन क्रू ओरडून सांगत होते की सामान घेऊ नका आणि लोकांनी ऐकलं. वरचा कप्पा उघडायला एकाला दहा सेकंद लागली तर मागे उभ्या असलेल्या प्रत्येकाची दहा सेकंदं जातात. पासपोर्ट आणि फोन उतरताना आणि उडताना अंगावरच ठेवा, म्हणजे तो मोहच होणार नाही.

चला, आता बॅगेकडे येऊ. चेनवाल्या बॅगेचं कुलूप म्हणजे कडी काढलेल्या दाराला लावलेलं कुलूप आहे. साधं बॉलपेन घ्या, टोक चेनच्या दातांमध्ये दाबा, चेन फाटते, हात आत जातो, आणि मग कुलूप लावलेले रनर तसेच एकदा इकडून तिकडे फिरवले की चेन परत बंद! बघणाऱ्याला काही कळत नाही. आणि ज्या कुलपांवर पत्त्यांतल्या चौकटसारखं लाल चिन्ह असतं, जी अमेरिकेत तपासणीवाले त्यांच्या मास्टर किल्लीने उघडतात, त्या किल्ल्यांचा फोटो २०१४ मध्ये एका वर्तमानपत्रात छापून आला आणि २०१५ मध्ये लोकांनी त्यावरून थ्रीडी प्रिंटरवर किल्ल्या बनवल्या. म्हणून कुलूप लावा, जरूर लावा, उघडी बॅग तर सगळ्यात आधी हेरली जाते, पण त्याच्या भरवशावर दागिने, कॅमेरा, लॅपटॉप चेक-इनच्या बॅगेत टाकू नका. मौल्यवान ते केबिन बॅगेत, बस.

चेक-इन काउंटरवर टॅग लावला की तीन अक्षरी कोड वाचा. कोस्टारिकामधल्या सॅन होजेचा कोड एसजेओ आणि कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेचा एसजेसी, एका अक्षरात बॅग दुसऱ्या देशात. जुने टॅग आणि बॅगेच्या कडेला चिकटवलेले छोटे बारकोड सोलून टाका, कारण मशीन भलताच बारकोड वाचू शकतं. बॅगेत वरच एक कागद, नाव आणि फोन लिहिलेला, बाहेरचा टॅग फाटला तर तोच कामी येतो. बंद करायच्या आधी उघड्या बॅगेचा आणि बाहेरून बॅगेचा फोटो काढा.

पॉवर बॅंक कायम केबिनमध्ये. वॉट-अवर म्हणजे बॅटरीत किती वीज मावते त्याचं माप; १०० वॉट-अवरपर्यंत सहसा चालते, २०,००० एमएएचची पॉवर बॅंक साधारण ७४ वॉट-अवरची असते, १०० ते १६० ला एअरलाइनची परवानगी लागते. इथे एक गोष्ट हमखास विसरली जाते. विमान भरलेलं असलं की गेटवर तुमची केबिन बॅग घेतात आणि खाली, सामानाच्या कप्प्यात टाकतात. त्या घाईत पॉवर बॅंक, औषधं, पासपोर्ट, लॅपटॉप आतच राहतात. म्हणून हे सगळं एका छोट्या पिशवीत एकत्र भरा आणि ती पिशवी केबिन बॅगेत वरच ठेवा, मागितली की पिशवी उचलायची आणि बॅग द्यायची.

आणि बेल्टवर बॅग आलीच नाही तर? इथे लोक थकलेले असतात, चला उद्या फोन करू म्हणून हॉटेलवर जातात. नका जाऊ. विमानतळ सोडायच्या आधी शेवटच्या विमानाच्या एअरलाइनच्या बॅगेज काउंटरवर पीआयआर म्हणजे हरवल्याची लेखी नोंद करा आणि तिचा रेफरन्स नंबर घ्या. बॅग फुटलेली आली तरी तसंच. १९९९ चा मॉन्ट्रियल करार जगातल्या बहुतेक देशांनी मान्य केलाय, त्यात मुदती ठरलेल्या आहेत. बॅग खराब मिळाली तर ७ दिवसांत लेखी तक्रार, उशिरा मिळाली तर मिळाल्यापासून २१ दिवसांत, आणि २१ दिवस आलीच नाही तर हरवली असं धरून भरपाई मागता येते. कोर्टात जायचं तर दोन वर्षांच्या आत. भरपाईची कमाल मर्यादा २८ डिसेंबर २०२४ पासून माणशी १,५१९ एसडीआर आहे (एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक), म्हणजे साधारण दोन हजार अमेरिकन डॉलर. ही कमाल मर्यादा आहे, आपोआप मिळणारी रक्कम नाही, तुम्ही जेवढं सिद्ध कराल तेवढं. तो उघड्या बॅगेचा फोटो इथे कामी येतो! बॅग येईपर्यंत कपडे, साबण वगैरे घेतलंत तर पावत्या ठेवा, माफक खर्च मागता येतो. सामान त्याहून महाग असेल तर चेक-इनलाच जास्त किंमत जाहीर करून थोडे पैसे भरता येतात, हे फार कमी लोकांना माहीत असतं.

औषधांचं आता गंभीरपणे ऐका. घरी सर्दीसाठी सहज मिळणारी गोळी दुसऱ्या देशात गुन्हा असू शकते. चोंदलेल्या नाकावरच्या गोळ्यांत असतं ते स्यूडोएफेड्रीन १० टक्क्यांपेक्षा जास्त असलेली औषधं जपानमध्ये नेता येत नाहीत, कोडीन आणि ट्रॅमाडॉल ही वेदनाशामक औषधं यूएईमध्ये नियंत्रित आहेत. मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, औषधाचं मूळ नाव लिहिलेलं असू दे, आणि जायच्या आधी त्या देशाच्या वकिलातीच्या साइटवर बघा.

दुसऱ्याचं पार्सल, अगदी ओळखीच्याचं असलं तरी, न उघडता घेऊ नका, आणि विमानतळावर जरा एवढी बॅग तुमच्या नावावर टाकता का म्हणणाऱ्याला सरळ नाही म्हणा. सिंगापूरमध्ये १५ ग्रॅमपेक्षा जास्त हेरॉइनच्या तस्करीला फाशी आहे, आणि बॅग ज्याच्या ताब्यात त्याला आतलं माहीत होतं असं कायदा आधी धरून चालतो, माहीत नव्हतं हे त्याने सिद्ध करायचं. वाईट वाटेल म्हणून आपण हो म्हणतो ना, तिथेच घात होतो. कुठेही ताब्यात घेतलंच तर १९६३ च्या व्हिएन्ना करारानुसार आपल्या वकिलातीला कळवा असं सांगायचा तुम्हाला हक्क आहे. तो मागावा लागतो, मागा. न समजणाऱ्या भाषेतल्या कागदावर सही करू नका.

श्रोत्यांमधून दोन चिठ्ठ्या आल्यात, त्या घेते. पहिली, बॅगेत ट्रॅकर टाकावा का. टाकाच. २०२४ च्या शेवटापासून ॲपलच्या ट्रॅकरची जागा एअरलाइनला लिंक पाठवून दाखवता येते, काही एअरलाइन ती वापरतात. पण ट्रॅकर कुणाच्या घरात दिसला तर स्वतः दार वाजवायला जाऊ नका, पोलिसांना सांगा.

दुसरी, हरवल्याची तक्रार दिली आणि नंतर पासपोर्ट बॅगेच्या अस्तरातच सापडला तर? वापरायचा नाही. तक्रार झाली की तो रद्द होतो आणि त्याचा नंबर इंटरपोलच्या हरवलेल्या कागदपत्रांच्या यादीत जाऊ शकतो, ही यादी २००२ पासून आहे आणि जगभरच्या इमिग्रेशन काउंटरवर तपासली जाते. तुमच्या हातात तुमचाच पासपोर्ट असतो आणि तरी तुम्हाला बाजूच्या खोलीत बसवतात. म्हणून तक्रार द्यायच्या आधी बॅग पूर्ण रिकामी करून अस्तर, कोटाचे आतले खिसे, हॉटेलची तिजोरी सगळं एकदा बघा, आणि एकदा तक्रार दिली की वकिलातीतून मिळालेल्या नव्या कागदांवरच घरी या, जुना तिथेच जमा करा.