वरचा पाऊस विचारूनच घळीत उतरा

नमस्कार श्रोतेहो. मे महिना जवळ आला की बेळगाव-गोकाक भागातल्या तरुण मंडळींचे बेत सुरू होतात. कुणी गोकाकच्या धबधब्याखालच्या दरीचं नाव काढतं, कुणी गोडचिनमलकीचं, कुणी थेट बदामी गाठतं. दोर लावून घळीत उतरायचं, कॅन्योनिअरिंग म्हणतात त्याला, तेही हल्लीची पोरं करतात. करावंच. आपल्याकडे दगडच असा आहे की बघणाऱ्याचा पाय घरात ठरू नये. बेळगावहून पूर्वेला निघालात की सह्याद्रीचा काळा कातळ मागे पडतो आणि तांबूस वाळूचा दगड सुरू होतो. गोकाकला घटप्रभा या दगडावरून सुमारे 52 मीटर, म्हणजे 170 फूट खाली उडी घेते. हा दगड वाळू थरावर थर बसून झाला तेव्हा पृथ्वीच्या पाठीवर झाड नव्हतं, पाखरू नव्हतं.

आज एकच गोष्ट सांगायची आहे, आणि ती मी दोनदा-तीनदा सांगणार आहे. घळीत उतरण्याआधी डोक्यावरचं आभाळ बघू नका, वरच्या अंगाचं, म्हणजे ओढा जिकडून येतो तिकडचं, आभाळ बघा.

हे मी कुठे शिकलो ते सांगतो.

काही वर्षांपूर्वी, मे महिन्यातच, पुण्याहून माझा भाचा आला होता. सतरा वर्षांचा, अंगात रग. शेजारची दोन पोरं आणि आम्ही दोघं, असे चौघे गोडचिनमलकीच्या अलीकडच्या एका घळीत उतरलो. मार्कंडेय नदीला मिळणारा हा ओढा उन्हाळ्यात कोरडा ठणठणीत असतो. भिंती इतक्या जवळ की दोन्ही हात पसरले तर दोन्हीकडे तळवे टेकावेत. आत गारवा. भिंतीच्या दगडावर लाटांच्या खुणा होत्या, नदीकाठच्या ओल्या वाळूवर उमटतात तशाच, पण दगड झालेल्या. भाचा त्यांवरून बोट फिरवत बसला होता. मी सपाट दगडावर डबा उघडला. भाकरी, शेंगदाण्याची चटणी, कांदा. (डोंगरात जाताना वेफर्सची पाकिटं नेणाऱ्यांचं मला नवल वाटतं. तहान वाढते, पोट भरत नाही आणि पाकीट तिथेच पडतं. त्यापेक्षा गोकाकचा करदंट खिशात टाका. डिंक, गूळ, सुकामेवा, दिवसभर पुरतो.)

वर आभाळ निळंभोर. दुपारचा दीड वाजला असेल.

इतक्यात वरून शिट्टी आली. काठावर एक धनगर आजोबा उभे, खांद्यावर घोंगडी, मागे मेंढरं. हात हलवून ओरडत होते, "म्याल बर्री, म्याल! नीर बंत!" भाच्यानं हसून त्यांना हात केला. त्याला वाटलं, म्हातारबाबा राम राम घालताहेत. मला मात्र शब्द कळले. वर या, पाणी आलं.

इथे मनातलं बोलतो. घरात आपण मराठी बोलतो, आपली मराठी जपायचीच, त्यात तडजोड नाही. पण या भागात वाढलेल्या पोराला कन्नडही यायलाच हवी. भांडणं व्हायची ती होतील. पाणी येतं तेव्हा माणूस आपल्याच भाषेत ओरडतो, आणि ती ऐकणाऱ्याला कळावी लागते.

मी पोरांना ढकलतच बाजूच्या कपारीवर चढवलं. धाकट्याचा हात पोचेना, तर आजोबांनी पालथं पडून काठी खाली सोडली आणि त्याला ओढून घेतलं. मग मी वळून पाहिलं. आधी आलं ते दोन बोटं उंचीचं पाणी. गढूळ, चहाच्या रंगाचं, तोंडावर फेस. केरसुणीनं केर लोटावा तसं वाळकी पानं, काटक्या, लेंड्या पुढे लोटत येत होतं. मला वाटलं, एवढंच? तेवढ्यात वळणाआडून आवाज आला, ट्रकमधून खडी ओतावी तसा. तोंडातला घास गिळायच्या आत पाणी छातीइतकं झालं. डबा गेला, चपला गेल्या, आम्ही बसलो होतो तो दगड दिसेनासा झाला.

आम्ही होतो तिथे पावसाचा एक थेंब पडला नव्हता, श्रोतेहो. एकही नाही.

पाऊण तासानं पाणी ओसरलं. आजोबा म्हणाले, पश्चिमेच्या टेकडीमागे काळं पडलं की मी मेंढरं आधी घळीतून बाहेर काढतो. चार दिवसांनी मी परत गेलो, तेव्हा आमच्या डब्याचं झाकण सापडलं. माझ्या डोक्याच्याही वर, भिंतीच्या फटीत अडकलेलं.

असं का होतं? उघडा दगड एवढं पाणी झटकन पीत नाही. टेकडीवर वळीव कोसळला की सगळं पाणी उतारावरून एकाच अरुंद घळीत शिरतं. जागा कमी, म्हणून उंची वाढते. वाळूच्या दगडाचा मुलूख कुठलाही असो, नियम तोच. अमेरिकेत ॲरिझोनाच्या वाळवंटात अँटिलोप कॅन्यन आहे, अशीच चिंचोळी, लाल. 12 ऑगस्ट 1997 रोजी तिथे 11 पर्यटक लोंढ्यात गेले. पाऊस झाला होता तो कित्येक मैल वरच्या अंगाला.

म्हणून पुन्हा सांगतो. वरच्या अंगाचं आभाळ बघा. वरच्या गावात कुणी ओळखीचं असेल तर फोन करून पाऊस विचारा. मेमध्ये दुपारी बारानंतर घळीत थांबू नका. पाणी गढुळलं, पानं वाहत आली की सामान सोडा आणि वर चढा. खाली पळू नका, लोंढ्यापुढे कुणी पळू शकत नाही. वर चढा.

दोर लावणाऱ्यांना एक. भिजलेला वाळूचा दगड ठिसूळ होतो. वरून कोरडा दिसतो, आत ओल असते. पाऊस झाला की निदान दोन दिवस त्याला दोर बांधू नका.

नवख्यांनी घळ सोडून पायवाटेनं सुरुवात करावी. बदामीहून चार-पाच किलोमीटर चालत सिडिलफडीला जा. दगडाची नैसर्गिक कमान, आत आदिमानवानं काढलेली चित्रं. वाटेत सावली नाही, माणशी तीन लिटर पाणी घ्या. हिवाळ्यात पहाटे निघालात तर दुपारपर्यंत परत येऊन लेणी बघता येतात. तिसऱ्या लेण्यातला शिलालेख 578 सालचा आहे. त्याच दगडावर खिळ्यानं बदाम कोरून नावं लिहिणाऱ्यांना हात धरून थांबवा, मी थांबवतो.

वेळ संपत आली. पुढच्या आठवड्यात मलप्रभेच्या काठानं नविलुतीर्थाकडे जाऊ. नमस्कार.