चार यार्डांवरचा विश्वास

नमस्कार श्रोतेहो.

२९ जानेवारी २०२४. आपल्याकडे रात्रीचा दीड वाजला होता, तिकडे अमेरिकेत बाल्टिमोरला रविवारची दुपार होती. अमेरिकन फुटबॉलचा सामना, बाल्टिमोर रेव्हन्स विरुद्ध कॅन्सस सिटी चीफ्स. जो जिंकेल तो ‘सुपर बोल’ला, म्हणजे मोसमाच्या अंतिम सामन्याला जाणार. त्या मोसमात चेंडू घेऊन पळण्यात रेव्हन्सचा संघ सगळ्या लीगमध्ये पहिला होता, सामन्याला सरासरी १५६ यार्डांहून जास्त. आणि त्या सामन्यात त्यांच्या रनिंग बॅक, म्हणजे चेंडू घेऊन पळणाऱ्या खेळाडूंच्या हातात चेंडू किती वेळा दिला असेल? अख्ख्या सामन्यात सहा वेळा. रेव्हन्स १७-१० असे हरले. उत्तरार्धात चीफ्सना एकही गुण मिळाला नव्हता, म्हणजे अंतर कधीही आवाक्याबाहेर गेलं नव्हतं. माझी झोप तर गेलीच, पण त्याहून जास्त जीव हळहळला तो या सहाच्या आकड्यानं.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. नाव फुटबॉल असलं तरी चेंडू बहुतेक वेळ हातातच असतो. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचं. गेलात, की पुन्हा नवे चार प्रयत्न. क्वार्टरबॅकनं चेंडू लांब फेकायचा, नाहीतर कुणीतरी तो छातीशी धरून गर्दीत घुसायचं. फेकीला साधारण सात यार्ड मिळतात आणि पळण्याला चार-साडेचार. कागदावर हिशेब फेकीच्याच बाजूचा आहे, म्हणून गेली कित्येक वर्षं सगळे संघ फेकीकडे झुकत गेले.

मग एखादा संघ ठरवून जास्त का पळतो?

एक कारण घड्याळाचं. फेकलेला चेंडू कुणी झेलला नाही, की घड्याळ थांबतं. पळणारा मैदानाच्या आत पडला, तर ते चालूच राहतं. दहा-बारा चालींचा हल्ला जमिनीवरून चढवला, की सात-आठ मिनिटं सहज जातात आणि समोरचा नावाजलेला क्वार्टरबॅक तेवढा वेळ बाकावर बसून राहतो.

पण मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते आघाडीच्या पाच लाइनमनचं. एकेकाचं वजन १३५-१४० किलो. फेक असेल तेव्हा या पाच जणांना मागे सरकत समोरच्याचा मारा झेलावा लागतो. पळायचं ठरलं की पहिला धक्का त्यांचा असतो. कुस्ती पाहणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको, अंगावर येणाऱ्याला थोपवणं आणि आपण अंगावर जाणं यात दमणारा माणूस बदलतो. त्यात फेकी अडवायच्या म्हणून आजचे बचाव हलके आणि चपळ झालेत. जाडजूड बचावपटू काढून त्याजागी वेगानं धावणारा उभा करतात. अशा बचावावर पन्नास वेळा वजन टाकलं, तर शेवटच्या पंधरा मिनिटांत त्यांचे हात सुटायला लागतात. सुरुवातीला जी चाल दोन यार्डांवर अडली, तीच मग बारा यार्ड देऊन जाते. मात्र त्यासाठी ते आधीचे दोन-दोन यार्ड सोसावे लागतात. अवघड आहे ते एवढंच.

रेव्हन्सना हे ठाऊक नव्हतं असं नाही. २०१८च्या नोव्हेंबरात त्यांचा अनुभवी क्वार्टरबॅक जो फ्लॅको जायबंदी झाला आणि लमार जॅक्सन हा नवखा मुलगा मैदानात आला. पहिल्याच सामन्यात तो स्वतः २७ वेळा पळाला. तो धरून मोसमातल्या उरलेल्या सातपैकी सहा सामने संघानं जिंकले. पुढच्या वर्षी तर त्यांनी पळून ३,२९६ यार्ड काढले आणि १९७८पासून न्यू इंग्लंड पेट्रियट्सच्या नावावर असलेला विक्रम मोडला. १६ पैकी १४ विजय. त्यानंतर ११ जानेवारी २०२०ला बाद फेरीत टेनेसी टायटन्सनी आघाडी घेतली आणि रेव्हन्सचा धीर सुटला. जॅक्सननं ५९ वेळा चेंडू फेकला. हजारावर यार्ड पळलेल्या मार्क इंग्रॅमच्या वाट्याला तो सहाच वेळा आला. समोर टायटन्सचा डेरिक हेन्री मात्र ३० वेळा पळाला आणि १९५ यार्ड घेऊन गेला. निकाल २८-१२.

म्हणून म्हणतो, पळण्यावर निष्ठा आहे की नाही हे पुढे असताना कळत नाही. दहा गुणांनी मागे पडल्यावर प्रशिक्षक कुठली चाल पुकारतो, तिथे ते कळतं.

२०२४मध्ये रेव्हन्सनी त्याच हेन्रीला आपल्याकडे आणलं. तो तिशीचा, या खेळात रनिंग बॅकचं हे उतरणीचं वय. त्यानं १,९२१ यार्ड काढले. आणि गंमत पाहा, त्याच मोसमात जॅक्सनची फेकही कधी नव्हे इतकी बहरली: ४१ टचडाउन, म्हणजे शेवटच्या रेषेपलीकडे पोचून गुण देणाऱ्या फेकी, आणि प्रतिस्पर्ध्यांच्या हाती लागलेले चेंडू फक्त चार. हेन्रीला अडवायला बचाव पुढे गोळा व्हायचा आणि पाठीमागचं मैदान मोकळं पडायचं. एका मोसमात पळून तीन हजार आणि फेकून चार हजार यार्ड हे लीगच्या इतिहासात त्याआधी कुठल्याच संघाला जमलं नव्हतं.

मग पुन्हा ११ जानेवारी आली, २०२५ची. तेच बाल्टिमोरचं मैदान, पुन्हा बाद फेरी, समोर पिट्सबर्ग स्टीलर्स. आपल्याकडे रविवारी सकाळी साडेसहाला सामना सुरू झाला. दुसऱ्या सत्रात रेव्हन्सनी एक हल्ला चढवला. तेरा चाली, ८५ यार्ड, एकही फेक नाही. तेराव्या चालीला हेन्री रेषा ओलांडून गेला. त्या दिवशी संघ ५० वेळा पळाला, २९९ यार्ड काढले आणि २८-१४ असा जिंकला. पाच वर्षांपूर्वी याच तारखेला याच मैदानावर ज्यानं त्यांना तुडवलं होतं, तो हेन्री आता त्यांच्याच पोशाखात १८६ यार्ड पळाला होता.

नमस्कार.