साहेबांच्या केबिनमध्ये मानसशास्त्र

(विलेपार्ले येथे झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. मानसोपचारातला विचार आणि कौशल्यं कंपन्यांच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या कोचिंगमध्ये कशी वापरायची, असा विषय आयोजकांनी मला दिलाय. समोर बघते तर निम्मी मंडळी बीकेसी नाहीतर अंधेरीहून थेट आलेली दिसतायत, गळ्यातली ओळखपत्रंसुद्धा काढलेली नाहीत. उरलेल्यांत माझ्या, म्हणजे थेरपीच्या क्षेत्रातले बरेच जण आहेत. या दोन गटांना एकमेकांबद्दल थोडा संशय असतो. कंपनीवाल्यांना वाटतं, हे लोक आता आमचं बालपण उकरत बसणार. थेरपिस्टना वाटतं, कोच म्हणजे चार दिवसांचा कोर्स करून तासाचे भरमसाट पैसे लावणारा माणूस. दोन्ही बाजूंकडे थोडं थोडं तथ्य आहे, ते मान्य करूनच पुढे जाऊ.

माझं म्हणणं एवढंच आहे की थेरपीतली तंत्रं उचलायला सोपी असतात आणि कोचिंगवाल्यांनी ती भराभर उचललीही. पण ती तंत्रं ज्या चौकटीत काम करतात ती चौकट मागेच राहिली. आपला क्लायंट नेमका कोण, खोलीतलं बोलणं कुठपर्यंत जाणार, कुठे थांबायचं, हे सगळं त्या चौकटीत येतं. पण आधी तंत्राबद्दल बोलते, कारण त्याशिवाय तुम्ही मला बोलू देणार नाही.

मुंबईत हा विषय काढायचा तर अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसपासून सुरुवात करायला हवी. एलिस मूळचा मनोविश्लेषणात, म्हणजे फ्रॉइडच्या परंपरेत तयार झालेला. त्या पद्धतीबद्दल त्याचा भ्रमनिरास झाला आणि 1955 मध्ये त्याने स्वतःची पद्धत मांडायला घेतली. आपल्याकडे ती विवेकनिष्ठ मानसोपचार म्हणून रुजली, आणि तिचं मोठं श्रेय कि. मो. फडके यांना जातं. फडके मुंबईचे. एलिसशी त्यांचा प्रदीर्घ पत्रव्यवहार होता, आणि इथल्या कितीतरी समुपदेशकांना त्यांनी घडवलं. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णींच्या आयपीएच या मानसिक आरोग्याच्या संस्थेमध्येही हाच विचार मुरलेला आहे. 1972 साली एलिसने खास अधिकाऱ्यांसाठी एक पुस्तक लिहिलं. म्हणजे आज कोचिंगच्या माहितीपत्रकात 'नवी पद्धत' म्हणून जे छापतात, ते पन्नास वर्षांपूर्वीच लिहून झालंय.

एलिस सांगतो की माणूस घटनेने थेट अस्वस्थ होत नाही. घटनेबद्दल तो स्वतःशी जे बोलतो, त्यातून अस्वस्थता येते. चांगलं काम व्हावं ही इच्छा निरोगी आहे. तिची सक्ती झाली, आणि सक्ती मोडली की मी कुचकामी असं ठरलं, की माणूस अडकतो.

एक उदाहरण देते. माझी उदाहरणं दोन-तीन माणसांची मिळून बनवलेली असतात, तेव्हा कोण असेल बरं, हा खेळ खेळू नका. हे गृहस्थ तळोज्याच्या प्लँटमध्ये वाढले, मग ऑपरेशन्सचे प्रमुख म्हणून लोअर परळच्या हेड ऑफिसात आले. शिक्षण डोंबिवलीत, मराठी माध्यमातून. एमडींच्या रिव्ह्यू मीटिंगमध्ये ते गप्प बसायचे आणि रात्री अकराला सगळ्यांना लांबलचक मेल पाठवायचे. त्यांच्यात एक्झिक्युटिव्ह प्रेझेन्स, म्हणजे वरिष्ठाला शोभेल अशी छाप नाही, असा एचआरचा शेरा. भाषण कसं करावं याच्या कार्यशाळांना त्यांना पाठवून झालं होतं. बोलता बोलता मनातलं वाक्य बाहेर आलं: 'माझं इंग्रजी अडखळलं तर हे मला प्लँटचा माणूस समजतील, आणि तसं झालं तर मी इथे बसायच्या लायकीचा नाही.'

या वाक्याचा पहिला अर्धा भाग खरा असू शकतो. उच्चारावरून माणूस जोखणं मुंबईच्या हेड ऑफिसांत सर्रास चालतं. तसं काही नसतं हो, असं मी म्हटलं असतं तर ते पुन्हा आलेच नसते. इथेच बरेच कोच घसरतात. सकारात्मक विचार करा, लोक तुमचा आदरच करतात, वगैरे. एलिसची शिस्त अशी की वाईटात वाईट धरून चाला: समजा समजले ते तुम्हाला प्लँटचा माणूस, पुढे काय? त्यांच्या मताने तुमची लायकी कशी काय ठरली? आमचा बहुतेक वेळ या दुसऱ्या अर्ध्या भागावर गेला.

लाज मोडण्यासाठी एलिसचे प्रसिद्ध प्रयोग होते. न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत स्टेशनांची नावं मोठ्याने ओरडायची. आपल्याकडे हा उपाय चालायचा नाही. लोकलमध्ये कुणी 'दादर, दादर' ओरडलं तर चार जण आभार मानून दाराकडे सरकतील. त्यामुळे आम्ही वेगळा प्रयोग ठरवला. दर मीटिंगमध्ये एकदा, सगळ्यांसमोर म्हणायचं, 'हे मला समजलं नाही, पुन्हा सांगता का?' हा वरकरणी किरकोळ प्रयोग करायला त्यांना बरेच आठवडे लागले. केला तेव्हा कळलं, फायनान्सच्या माणसालाही ते समजलेलं नव्हतं.

उपायकेंद्री पद्धतीतले प्रश्नही कोचिंगमध्ये खूप वापरतात. शून्य ते दहात आज तुम्ही कुठे आहात, एक घर वर गेलात तर काय वेगळं दिसेल, अशा धाटणीचे. स्टीव्ह डी शेझर आणि इन्सू किम बर्ग यांनी ते थेरपीसाठी घडवले. अधिकाऱ्यांना आवडतात, कारण आकड्यांची सवय असते. माझी तक्रार एवढीच की तिसऱ्या भेटीपर्यंत त्या आकड्याचा केपीआय, म्हणजे कामगिरी मोजायचा निकष होतो आणि माणूस मला खूश करायला आकडा वाढवून सांगतो.

आता ज्या कौशल्याचा कोर्स निघत नाही, त्याबद्दल बोलते. पॉला हायमन या मनोविश्लेषक बाईंनी 1950 साली एक निबंध प्रसिद्ध केला. क्लायंटसमोर बसल्यावर उपचारकाच्या मनात जे उठतं तो अडथळा समजून दाबू नका, समोरच्या माणसाबद्दलची ती माहिती आहे, असं त्यांनी मांडलं. तोवर उपचारकाच्या भावना म्हणजे त्याचा दोष, असंच बहुतेकांचं मत होतं.

वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या बाबतीत हे फार उपयोगी पडतं, कारण त्यांच्याभोवती खरं बोलणारं कुणी उरलेलं नसतं. एका संचालकांबरोबर बसले होते. मिश्कील, हुशार, गप्पिष्ट माणूस. त्यांच्या वाक्यावाक्याला माझी मान हलतेय, हे माझ्या लक्षात आलं. मी म्हटलं, 'सर, गेला अर्धा तास मी तुमच्या हो ला हो करतेय, आणि त्यातलं सगळं मला पटलेलं नाही. तुमच्या टीमचंही असं होत असेल का?' ते हसले नाहीत. त्यांचा पहिला प्रश्न होता, 'कोण बोललं तुम्हाला?' पुढचं सगळं काम त्या प्रश्नात होतं. वेगळं मत कानावर आलं की आधी ते फोडणारा शोधायचा, मत नंतर. असं चाललेलं असताना त्या मजल्यावर कोण तोंड उघडणार?

मात्र हे करायला उपचारकाला स्वतःची तपासणी लागते. मला आलेला कंटाळा त्या माणसामुळे आलाय की दुपारच्या जेवणामुळे? थेरपिस्ट यासाठी सुपरव्हिजन घेतात, अनुभवी माणसासमोर आपलं काम उघडं करतात. कोचिंगमध्येही काही जण घेतात, पण बहुतेकांच्या लेखी तो वरखर्च असतो. मला तो फीमध्येच धरलेला असावा असं वाटतं.

उपचारक आणि क्लायंट यांच्या नात्याबद्दल मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्सने 1957 मध्ये जे लिहिलं ते तुमच्यातल्या बऱ्याच जणांना ठाऊक आहे: समानुभूती, विनाअट स्वीकार, स्वतःचा खरेपणा. तिथे मी रेंगाळत नाही. त्याहून कामाची वाटते ती मानसशास्त्रज्ञ एडवर्ड बॉर्डिनची 1979 ची मांडणी. उपचाराचं नातं तीन गोष्टींवर उभं असतं, तो म्हणतो: ध्येयावर एकमत, ते गाठायच्या कामांवर एकमत, आणि आपुलकीचा बंध. थेरपीत हे एकमत दोघांत करायचं असतं. कोचिंगमध्ये तिसरा असतो, आणि बिल तोच भरतो.

एचआरचं ध्येय असतं, याचा राग कमी करा. साहेबांचं ध्येय असतं, याला टार्गेटला लावा. खुद्द माणसाच्या मनात असतं, नोकरी सोडू का? ही तीन ध्येयं एकाच टेबलावर मांडल्याशिवाय मी काम सुरू करत नाही. पहिली बैठक तिघांची. त्यात लेखी ठरतं की कंपनीला दोनच गोष्टी कळतील, भेटी झाल्या का आणि ठरलेलं उद्दिष्ट काय. बाकी जे सांगायचं ते तो माणूस स्वतः सांगेल. तरी फोन येतोच. 'मॅडम, अनौपचारिक विचारतो, पुढचं पद याला झेपेल का?' मी म्हणते, ते तुम्ही त्यांनाच विचारा, मीही येते हवं तर. पुष्कळदा मग कुणी विचारत नाही.

यात कायद्याची एक बाजू आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 ने उपचार घेणाऱ्याला गोपनीयतेचा हक्क दिलाय. कोचच्या खोलीत तो लागू नाही. तिथे तुमच्याकडे असतो फक्त करार. त्यामुळे साध्या गोष्टी बघा. भेट कंपनीच्या काचेच्या केबिनमध्ये नको. व्हिडिओ कॉल कंपनीच्या खात्यावरून असेल, तर रेकॉर्डिंग आणि आपोआप निघणारी टिपणं कुठे साठतात ते विचारा. कॅलेंडरवर विषय काय दिसतो, हेसुद्धा बघा.

आणि कोचिंगचा उपयोग शिक्षा म्हणून किंवा पांघरूण म्हणून होऊ देऊ नका. लैंगिक छळाची तक्रार असेल तर 2013 चा कायदा आहे, अंतर्गत समिती आहे. 'जरा कोचकडे पाठवू, प्रकरण शांत होईल' असं कानावर आलं, की मी ते काम घेत नाही.

थांबायचं कुठे? 2002 मध्ये मानसशास्त्रज्ञ स्टीव्हन बर्गलास यांनी हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूमध्ये इशारा दिला होता की मानसशास्त्राचं प्रशिक्षण नसलेला कोच खोलवरचा त्रास ओळखू शकत नाही आणि वरवर मलमपट्टी करून तो वाढवतो. आपल्याकडे क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते, कोच म्हणून पाटी लावायला काही लागत नाही. कित्येक आठवडे झोप उडालेली, दारूशिवाय संध्याकाळ जात नाही, कशातच रस नाही, मरणाचं बोलणं निघतंय, अशा वेळी कोचने उद्दिष्टांची वही मिटावी आणि मानसोपचारतज्ज्ञांकडे न्यावं. नुसतं पाठवू नये, पहिली अपॉइंटमेंट ठरेपर्यंत सोबत असावं. मधल्या वेळेसाठी सरकारची टेलिमानस ही फोनवरची मानसिक आरोग्य सेवा आहे, 14416. आणि माझ्यासारखे, ज्यांच्याकडे दोन्ही कामं आहेत, त्यांनी एकाच माणसाची दोन्ही घेऊ नयेत.

आता प्रश्न घेते. मागच्या रांगेतून चिठ्ठी आलीय: 'कंपनीने मला कोच दिलाय. मी मागितला नव्हता. जाऊ का?'

जा. पण पहिल्या भेटीत तुमच्या अडचणी सांगायच्या आधी तुम्हीच विचारा. मला इथे पाठवायचं कुणी ठरवलं आणि का? माझ्याबद्दल तुम्हाला आधी काय सांगितलंय? इथून परत काय जाणार? मी मध्येच थांबलो तर काय होईल? तुम्ही स्वतः सुपरव्हिजन घेता का? चांगला कोच हे प्रश्न ऐकून सुखावेल. जो गुळमुळीत उत्तरं देईल त्याच्याशी तुम्ही खुशाल टाइम मॅनेजमेंटबद्दल बोला, बाकी काही बोलू नका. आणि परत काय जाणार, या प्रश्नाचं उत्तर तोंडी घेऊ नका. एचआरला सीसी करून मेलवर मागा.